केमोमुळे आलेला बधिरपणा मोजायची साधनं : कोणतं घ्यावं, कोणावर किती भिस्त ठेवावी

केमोच्या डे-केअरमध्ये नसांची इजा मोजायला एकच साधन घ्यायचं असेल तर मोजपट्टी असलेला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क घ्या. दुसरं परवडत असेल तर मोनोफिलामेंट संच, म्हणजे कातडीवर टेकवून स्पर्श तपासायचे नायलॉनचे बारीक तंतू. मधुमेहाच्या शिबिरात वापरतात तो एकटा १० ग्रॅमचा तंतू या कामाला पुरत नाही, आणि बायोथेसिओमीटर (थरथरीची जाणीव मोजणारं विजेवरचं यंत्र) दवाखान्यात आधीपासून नसेल तर फक्त यासाठी विकत घेऊ नका. हा झाला आमचा निकाल. तो तसा का, आणि प्रत्येक साधन कुठे चकवतं, ते पुढे मांडलं आहे.

आधी एक अट. पहिला डोस चढवण्याआधी घेतलेली नोंद नसेल तर यातलं कुठलंही साधन निम्म्याच कामाचं. आपल्याकडे केमोला येणाऱ्या कित्येकांना आधीच मधुमेह असतो, बी-१२ची कमतरता असते, थायरॉइड असतं, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असतं, दारूची सवय असते किंवा टीबीसाठी आयसोनियाझिड घेऊन झालेलं असतं. यातलं प्रत्येक कारण नसांना धक्का लावणारं. अशा माणसाचा अंगठा सहाव्या डोसनंतर बधिर सापडला, तर तो औषधाने झाला की आधीचाच होता हे कोण सांगणार? आणि डोस कमी करायचा की नाही हा निर्णय त्याच उत्तरावर लटकलेला असतो.

साधन निवडताना औषध कोणतं चालू आहे हेही पाहावं लागतं, कारण प्रत्येक औषध वेगळ्या जागी घाव घालतं. सिस्प्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी गाठींमधल्या पेशींना मारतात. म्हणून थरथर आणि सांध्याची जाणीव जाते, स्नायूंची ताकद बहुधा शाबूत राहते. पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल नसेच्या आतल्या वाहतुकीच्या नळ्यांना अडकवतात, त्यामुळे सगळ्यात लांब नसांची टोकं आधी सुकतात, म्हणजे पायाची बोटं, मग हाताची. व्हिंक्रिस्टिन स्नायूंनाही सोडत नाही: घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया लवकर जाते, पाऊल खाली लोंबतं, बद्धकोष्ठ होतो. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवर देतात त्या बोर्टेझोमिबचा मार बारीक, वेदना वाहणाऱ्या तंतूंवर जास्त, म्हणून तिथे आग आणि दुखणं पुढे असतं आणि ट्यूनिंग फोर्क बराच काळ सगळं ठीक दाखवत राहतो. तेव्हा मायलोमाच्या रुग्णात फोर्कचा आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

मोजपट्टीचा ट्यूनिंग फोर्क

शाळेत नादकाटा म्हणून शिकलो तोच हा, फक्त भुजांच्या टोकांना काढता-घालता येणारी वजनं आणि त्यावर ० ते ८ अशी पट्टी असलेला. रायडेल-सायफर या नावाने मिळतो. वजनं लावलेली असताना काटा ६४ हर्ट्झने थरथरतो, वजनं काढली की १२८ने. दुकानात नुसतं ‘ट्यूनिंग फोर्क द्या’ म्हटलं तर बहुतेक वेळा कानाच्या तपासणीचा ५१२ हर्ट्झचा हातात पडतो. तो इथे चालत नाही. त्याची थरथर हाडावर पुरेशी जाणवत नाही आणि लवकर विरते. दांड्यावर कोरलेला आकडा वाचूनच पैसे द्या.

साध्या काट्यात वेळ मोजतात: थरथर किती सेकंद जाणवली. ही पद्धत लंगडी आहे, कारण काटा जोरात आपटला तर सेकंद वाढतात, हळू आपटला तर घटतात, आणि आज सिस्टरने मारला, पुढच्या वेळी रेसिडेंटने. मोजपट्टीच्या काट्यात रुग्णाला थरथर जाणवेनाशी झाली त्या क्षणी काट्याचं कंपन किती उरलं होतं, ते वाचतात. काटा किती जोरात मारला याचा परिणाम आकड्यावर होत नाही, फक्त सुरुवातीचं कंपन इतकं मोठं हवं की ते पट्टीच्या शून्याच्याही खाली असेल. जास्तीचे पैसे जातात ते एवढ्यासाठीच, आणि ते वसूल होतात. कंपन चालू असताना पट्टीवरचा त्रिकोण डोळ्यांना दुहेरी दिसतो. दोन त्रिकोण जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू कंपन विरेल तसा ० कडून ८ कडे सरकत जातो. आकडा जितका मोठा, तितकी बारीक थरथर रुग्णाला कळली. पायाच्या अंगठ्यावर ४ च्या खाली आकडा आला की शंका घ्यायची; मात्र वय वाढतं तशी ही सीमा खाली येते, म्हणून सत्तरीच्या माणसाला तिशीचा नियम लावू नये.

पद्धत अशी. वजनं लावून काटा वापरा, स्क्रू हाताने घट्ट आवळा; ढिला स्क्रू म्हणजे भलतीच वारंवारता आणि कुरकुर आवाज. आधी थरथरता काटा रुग्णाच्या छातीच्या हाडावर ठेवून ‘ही थरथर’ अशी ओळख करून द्या. मग बंद काटा ठेवून ‘आता थरथर नाही, नुसता दाब आहे’ हेही दाखवा. हा टप्पा गाळतात आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण लोखंड टेकलं की बधिर पायालाही दाब कळतो आणि माणूस प्रामाणिकपणे ‘हो, लागतंय’ म्हणतो. डोळे मिटायला सांगा. काटा तळहाताच्या टाचेवर आपटा, टेबलाच्या कडेवर नको. दांडा अंगठ्याच्या नखामागच्या सांध्याच्या हाडावर, वरच्या बाजूने, काटकोनात धरा. खालून दुसऱ्या हाताने अंगठ्याला आधार देऊ नका, नाहीतर थरथर तुमच्याच बोटाला कळते आणि उगाच आकडा जुळवला जातो. प्रश्न ‘लागतंय का?’ असा नको. ‘थरथर थांबली की लगेच “थांबली” म्हणा’ असा हवा. तीन वेळा घ्या, सरासरी लिहा, मधूनच एकदा बंद काटा टेकवून खात्री करा. अंगठ्यावर नाहीच कळलं तर घोट्याचं हाड, मग गुडघ्याखालचं हाड. हाताला तर्जनीचा शेवटचा सांधा, मग मनगट.

दोन्ही पाय, दोन्ही हात मिळून पाच-सहा मिनिटं. वीज लागत नाही, सेल लागत नाहीत. खोट एकच: पट्टी वाचायला उजेड आणि बरी नजर लागते, आणि शिकणाऱ्याचे पहिले दहा-पंधरा आकडे टाकून द्यावे लागतात.

मोनोफिलामेंट

नायलॉनचा तंतू कातडीवर टेकवला की ठरावीक वजनाला तो वाकतो, एवढंच याचं तत्त्व. आपल्याकडे कुष्ठरोगाच्या कामात हेच तंतू वेगवेगळ्या रंगांच्या मुठींचे वापरले जातात, त्यामुळे जुन्या जाणत्या फिजिओथेरपिस्टला ते नवे नाहीत. गोंधळ होतो तो १० ग्रॅमच्या तंतूने. त्यावर ५.०७ असा क्रमांक असतो. तो मधुमेहाच्या पायाला जखम होण्याइतका बधिरपणा आला आहे का हे पाहायला बसवलेला आहे. केमोच्या रुग्णात आपल्याला त्याच्या कितीतरी आधीची पायरी पकडायची असते. ज्याला ५.०७ कळत नाही त्याची इजा तुम्ही उशिरा पकडली, एवढाच त्याचा अर्थ. हाताच्या बोटांवर तर हा तंतू वापरणं म्हणजे वेळ घालवणं आहे: निरोगी बोटाला २.८३ क्रमांकाचा, म्हणजे ०.०७ ग्रॅमचा तंतूही कळतो.

म्हणून पूर्ण संच घ्या, निदान पाच-सहा तंतूंचा: २.८३, ३.६१, ४.३१, ४.५६, ५.०७ आणि ६.६५. बारीक तंतूपासून सुरू करा. कातडीला काटकोनात टेकवा, वाकेपर्यंत दाबा, सेकंद-दीड सेकंद धरा, उचला. कातडीवर ओढू नका, कारण ओढल्यावर गुदगुली वेगळ्याच तंतूंनी कळते. घट्टे, भेगा, नखाची कड टाळा. शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या टाचेवर हा तपास निरर्थक ठरतो. त्यांच्यात पायाच्या बोटांची वरची बाजू घ्या आणि तसं लिहून ठेवा.

नायलॉन थकतं. एका सत्रात दहा माणसं झाली की त्या तंतूला चोवीस तास विश्रांती द्यायची, अशी साधारण शिस्त आहे. शिवाय नायलॉन ओल शोषतं आणि मऊ पडतं. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात उघड्यावर ठेवलेला तंतू कमी वजनाला वाकतो, आणि रुग्ण बिघडला असं वाटू लागतं. हवाबंद डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. वाकडा राहिलेला तंतू सरळ करून वापरू नका, फेकून द्या.

बायोथेसिओमीटर

मधुमेहाच्या दवाखान्यांत हे यंत्र सर्रास असतं: कंप पावणारं बोंडूक पायावर टेकवायचं, व्होल्ट वाढवत न्यायचं, रुग्ण ‘कळलं’ म्हणेल तो आकडा घ्यायचा. ० ते ५० व्होल्ट. छापील निकाल मिळतो, रुग्णाच्या नातेवाइकांना तो पटतो, आणि दोन वेगळ्या माणसांनी केलेल्या तपासण्यांत फरक कमी पडतो. हे त्याचे खरे गुण.

पण त्यातल्या १५ व्होल्ट, २५ व्होल्ट या सीमा मधुमेही पायाच्या जखमेच्या धोक्यावरून आल्या आहेत. पॅक्लिटॅक्सेलच्या रुग्णाला ‘१४ व्होल्ट, नॉर्मल’ असा छापील कागद हातात देणं दिशाभूल करणारं आहे. सुरुवातीला त्याचा आकडा ६ असेल तर १४ ही मोठी घसरण आहे. व्होल्ट आणि कंपन यांचं नातंही सरळ नाही. व्होल्ट दुप्पट झाले की कंपन दुप्पट होत नाही, ते साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतं. आणि बोंडूक स्वतःच्या वजनाने टेकलेलं राहिलं पाहिजे. हाताने दाबलं की आकडा खाली येतो. यंत्र आधीपासून असेल तर पहिल्या डोसआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी लिहा आणि कागदावरच्या ‘माइल्ड, मॉडरेट’ या शिक्क्याकडे लक्ष देऊ नका.

प्रश्नावल्या, म्हणजे रुग्णाचं ऐकायचं साधन

यंत्रांनी न सांगितलेलं बरंच काही रुग्ण सांगतो, आणि डॉक्टरने दिलेली ग्रेड (त्रासाच्या तीव्रतेची पायरी) रुग्णाच्या सांगण्यापेक्षा हलकी असते हे या विषयात वारंवार दिसून आलं आहे. दोन प्रश्नावल्या जास्त चालतात. इओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर-संशोधन संस्थेची सीआयपीएन-२०, वीस प्रश्नांची: ९ संवेदनेचे, ८ हालचालीचे, ३ स्वायत्त नसांचे, गेल्या आठवड्याबद्दल, १ ते ४ गुण. दुसरी फॅक्ट-जीओजी-एनटीएक्स (पुढे नुसती एनटीएक्स), अकरा प्रश्नांची. तिचीच चार प्रश्नांची छोटी आवृत्ती रोजच्या गर्दीत पुरते.

गुण काढताना चुका होतात त्या अशा. सीआयपीएन-२०मध्ये संवेदनेच्या नऊ प्रश्नांची बेरीज १८ आली, तर १८ मधून ९ वजा करून २७ ने भागायचं आणि १०० ने गुणायचं: ३३. गाडीच्या पेडलचा प्रश्न गाडी न चालवणाऱ्याला लागू नाही, तेव्हा हालचालीच्या भागात सातच प्रश्न उरतात आणि भागाकार २४ ऐवजी २१ ने करायचा. पुरुषांसाठीचा प्रश्न बायकांत वगळायचा. संवेदनेच्या नऊत ऐकू येण्याचाही एक प्रश्न आहे; सिस्प्लॅटिनने कानाच्या आतल्या पेशी मरतात आणि ऐकू कमी येतं, त्यामुळे हातपाय ठीक असतानाही गुण वाढू शकतात. आणि दिशा लक्षात ठेवा: सीआयपीएन-२०मध्ये गुण जास्त म्हणजे त्रास जास्त, एनटीएक्सच्या अंतिम बेरजेत गुण जास्त म्हणजे तब्येत चांगली. एकाच फाइलमध्ये दोन्ही भरणाऱ्यांनी हे पानाच्या डोक्यावर लिहावं.

भाषेचा मुद्दा यापेक्षा मोठा आहे. ‘नंबनेस’ला बधिरपणा आणि ‘टिंगलिंग’ला मुंग्या हे पुस्तकात ठीक. बोलताना माणसं ‘पाय जड झालेत’, ‘पायाखाली गादी घातल्यासारखं वाटतं’, ‘बोटांना काहीतरी चिकटलंय’, ‘चप्पल निसटली ते कळलंच नाही’ असं म्हणतात. हे सगळे बधिरपणाचेच उद्गार आहेत, आणि फॉर्म भरून घेणाऱ्याला ते ओळखता आले पाहिजेत. पेन धरण्याचा प्रश्न निरक्षर आजींना लागू होत नाही. तिथे ‘नाही’वर खूण करून पुढे जाऊ नये, ‘लागू नाही’ अशी नोंद करावी. छापील प्रश्नाचे शब्द बदलू नयेत, नाहीतर गुणांना अर्थ राहत नाही. पण फॉर्म पूर्ण झाल्यावर चार प्रश्न आपले म्हणून जरूर विचारा: तांदूळ निवडताना खडा बोटाला कळतो का? ब्लाउजचे हूक स्वतः लावता का? अंघोळीचं पाणी गरम आहे हे हाताला कळतं की अंगावर घेतल्यावर? अंधारात संडासला जाताना भिंत धरावी लागते का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर सांध्यांची जाणीव गेली आहे आणि पडण्याचा धोका आजपासूनच आहे.

ग्रेड ठरवताना हीच उत्तरं कामी येतात. सीटीसीएई या कॅन्सर-उपचारांचे दुष्परिणाम मोजायच्या ठरलेल्या यादीत दुसरी ग्रेड म्हणजे स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचा हिशेब, फोन अशी कामं अडणं. तिसरी म्हणजे अंघोळ, कपडे घालणं, जेवणं, स्वतःची औषधं घेणं अडणं. साडीच्या निऱ्या स्वतःला घालता येत नाहीत, सून घालून देते, ही तिसरी ग्रेड आहे. केसपेपरवर मात्र ती सर्रास दुसरी लिहिली जाते, कारण बाई ‘चाललंय तसं’ म्हणतात आणि घरचं माणूस मदतीला असतं. दुसरी की तिसरी यावर डोस कमी करणं किंवा औषध थांबवणं ठरतं, तेव्हा ‘चाललंय’ म्हणजे कोणाच्या हाताने चाललंय, हे विचाराच.

टोचणी आणि हातोडी या दोन गोष्टींबद्दल थोडक्यात. टोचायला शिवणाची सुई किंवा इंजेक्शनची सुई वापरू नका. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पडलेल्या रुग्णात तो जंतुसंसर्गाला आणि रक्तस्रावाला दिलेला रस्ता आहे. न्यूरोटिप नावाची, एकदा वापरून टाकायची टोचणी मिळते, ती घ्या. हातोडी लांब दांड्याची हवी, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया छोट्या हातोडीने चुकते. फोर्क, टोचणी, हातोडी, ताकद आणि तीन प्रकारच्या तक्रारी एकत्र करून टीएनएससी (टोटल न्यूरोपॅथी स्कोअर, क्लिनिकल) हा ० ते २८ गुणांचा हिशेब होतो. थरथर फक्त बोटांत कमी तर १, घोट्या-मनगटापर्यंत २, गुडघ्या-कोपरापर्यंत ३, त्याच्या वर ४. वेळ असेल तिथे हा सगळ्यात भरवशाचा आहे, कारण त्यात रुग्णाचं सांगणं आणि तपासणाऱ्याचं पाहणं दोन्ही येतं.

नर्व्ह कंडक्शन स्टडी (एनसीएस) कधी

‘बधिरपणा आहे, एनसीएस करून आणा’ अशी चिठ्ठी सरसकट देऊ नये. नसेतून विजेची लहर किती वेगाने आणि किती उंच जाते हे पाहणारी ही तपासणी जाड, वेगवान तंतूच मोजते. बोर्टेझोमिबने आग होत असताना रिपोर्ट अगदी स्वच्छ येऊ शकतो, आणि मग रुग्णाला ‘तुम्हाला काही नाही’ असं ऐकावं लागतं. ताकद गेली असेल, एकाच हातापायाला त्रास असेल, दोन बाजूंत फरक असेल, केमो संपून बराच काळ गेल्यावर वाढत असेल किंवा मणक्यातल्या गाठीची शंका असेल, तिथे ती हवीच. रिपोर्टमध्ये वेगापेक्षा पिंढरीच्या स्युरल नसेच्या लहरीची उंची आधी पाहा, कारण केमोची इजा नसेच्या तारेची असते, वेष्टनाची नव्हे. एसीच्या खोलीत गार पडलेल्या पायांवर केलेली तपासणी फसवते: वेग मंद दिसतो आणि लहर उंच. कातडीचं तापमान ३२ अंश सेल्सियसच्या आसपास असल्याची नोंद रिपोर्टवर नसेल तर ती मागा.

कधी मोजायचं

ऑक्झॅलिप्लॅटिनमध्ये चुकीच्या दिवशी मोजणं ही नेहमीची चूक. औषध गेल्यावर काही तासांत थंड पाण्याने, फ्रिजच्या दांड्याने हातात झिणझिण्या येतात, घशाला आवळल्यासारखं होतं. हा तात्पुरता प्रकार बहुधा काही दिवसांत ओसरतो. टिकाऊ इजा मोजायची तर पुढच्या डोसच्या सकाळी, सलाइन लावण्याआधी. त्या सकाळीही मुंग्या उरल्या असतील तर ती खरी धोक्याची खूण. फोलफॉक्स या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या केमोत ऑक्झॅलिप्लॅटिनचे दर वेळी ८५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर जातात; म्हणजे दहाव्या फेरीला एकूण ८५० होतात, आणि गंभीर बधिरपणा साधारण याच टप्प्यावर वाढू लागतो. आठव्या फेरीपासून दर वेळी फोर्क लावा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आयडिया या एकत्रित अभ्यासात सहा महिन्यांऐवजी तीन महिने फोलफॉक्स घेतलेल्यांत दुसऱ्या किंवा त्यावरच्या ग्रेडचा त्रास सुमारे ४८ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला. तीन की सहा ही चर्चा रुग्णाशी करताना आधीचा मोजलेला आकडा समोर असला तर बोलणं नेमकं होतं.

मोजून उपयोग काय, असंही विचारलं जातं, कारण गेलेली नस परत आणणारं औषध नाही. डोस वेळेत कमी करणं, बोर्टेझोमिब शिरेऐवजी कातडीखाली देणं, दुखणं असेल तर ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने ६० करणं, हे सगळं मोजमापावरच ठरतं. ड्युलोक्सेटिन दुखण्यावर चालतं, नुसत्या बधिरपणावर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. आणि ‘नसांची ताकद’ म्हणून मेडिकलमधून आणलेली अॅसिटिल-एल-कार्निटिनची गोळी चालू असेल तर बंद करायला सांगा. टॅक्सेन गटातली औषधं (पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल) घेणाऱ्या बायकांवरच्या मोठ्या चाचणीत तिने बधिरपणा कमी झाला नाही, उलट वाढला.

प्लॅटिनमची औषधं (सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन) थांबल्यावरही इजा दोन ते सहा महिने वाढत राहू शकते. म्हणून शेवटच्या डोसच्या दिवशीचा आकडा अखेरचा धरू नका. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलवा, तोच काटा, तोच अंगठा, आणि शक्य असेल तर तपासणाराही तोच. कार्डावर काट्याचा अनुक्रमांक लिहिलेला असू द्या.